हाताची शिलाई

आमच्या घरात त्या माणसाचं नाव घेत नाहीत. अण्णांनी एकदा जेवताना हातातला घास ताटात ठेवून सांगितलं, "त्यांचं नाव या घरात नको," आणि तेव्हापासून ते नुसते 'वरचे' झाले. आमची वरची खोली सोडून त्यांना वर्षं लोटली, मधे दुसरे भाडेकरू येऊन गेले, तरी 'वरचे' म्हटलं की अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आईला आणि मला एकच माणूस दिसतो. उंच, किंचित वाकलेला, बुटांना रोज पॉलिश आणि हातात बाराही महिने छत्री. मीही इथं नाव लिहिणार नाही. मला त्यांचा राग आहे. एवढ्या वर्षांत तो निवला असेल असं समजून कोणी पुढं वाचणार असेल तर आधीच सांगते, निवलेला नाही.

आमचं घर नल्लकुंट्यात आणि दुकान काचीगुड्याला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. खतांचं दुकान. पणजोबा देगलूरकडची शेती भावांच्या हवाली करून हैदराबादेत आले आणि खतं-बियाणी विकायला बसले. शहरात खत कोण घेतं, असं मला कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या. सकाळच्या पॅसेंजरनं उतरणारे आसपासच्या गावांचे शेतकरी घ्यायचे, नर्सरीवाले घ्यायचे. अण्णा त्यांच्याशी तेलुगूत बोलायचे, हमालांशी दखनीत आणि आमच्यावर ओरडायचे मराठीत.

वरचे खताचे निरीक्षक होते. म्हणजे सरकारचा असा माणूस, जो न सांगता दुकानात येतो, पोत्यात लांब पितळी नळी खुपसून खत काढतो आणि तपासायला लॅबमध्ये पाठवतो. रिपोर्ट वाईट आला की दुकानदाराचा परवाना अडकतो. असा माणूस खतवाल्याच्याच घरात भाड्यानं राहतो म्हटल्यावर गल्लीतले लोक आम्हाला चिडवायचे. पण खोली बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न त्यांनीच विचारला होता.

"अण्णा, तुमचं दुकान माझ्या हद्दीत येत नाही ना? नीट आठवून सांगा."

त्यांची हद्द तेव्हा शहराबाहेर लांब होती, रोज सकाळी बस धरून जायचे. मग ते राहिले, आणि पुष्कळ वर्षं राहिले. मूळचे उदगीरकडचे. लग्न केलेलं नव्हतं, आणि का, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

खताच्या नमुन्याचे कायद्यानं तीन भाग करायचे असतात. एक लॅबला, एक दुकानदाराला, आणि एक खात्यात राखून ठेवायचा, पुढं वाद झाला तर पुरावा म्हणून. तिन्हींवर लाखेचं सील. हा नियम वरच्यांनी नोकरीपुरता ठेवला नव्हता. दूध पातळ वाटलं की ते तीन बाटल्यांत ओतायचे, त्यांतली एक दूधवाल्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हा तुमचा भाग. सांभाळून ठेवा." तो बिचारा स्वतःचंच दूध स्कूटरला अडकवून घरी घेऊन जायचा. दिवाळीला आईनं बेसनाचा लाडू वर पाठवला की त्याचेही तीन भाग व्हायचे. एक ते खायचे, एक परत खाली यायचा, आणि एक त्यांच्या कपाटात राहायचा, मुंग्या लागेपर्यंत.

"अहो भावजी, लाडू आहे तो," आई म्हणायची.

"वहिनी, उद्या माझं पोट बिघडलं तर उगाच तुमच्या लाडवावर आळ यायला नको," ते गंभीरपणे सांगायचे. थट्टा त्यांना करता यायची नाही आणि कळायचीही नाही.

त्यांच्या खिशात चुन्याची डबी असायची. बरेच दिवस आईचा समज होता की हे तंबाखू खातात, आणि तेवढ्यावरून ती त्यांच्याशी तुटक वागायची. मग एक दिवस अण्णांनी दुकानातून मूठभर डीएपी घरी आणलं होतं, कुंड्यांना घालायला, तर वरच्यांनी त्यातलं चिमूटभर तळहातावर घेतलं, डबीतला चुना लावला आणि तंबाखू मळतात तसं अंगठ्यानं मळलं. असा उग्र वास उठला की आईनं पदर नाकाला लावला. वास उठला म्हणजे खत खरं. तेवढ्यासाठी ते डबी बाळगायचे. बसमध्ये कोणी शेजाऱ्यानं, "जरा चुना देव जी," म्हटलं तर ते डबी घट्ट धरून सांगायचे, "नक्को. हा सरकारी कामाचा चुना आहे."

आणि एक पालुपद होतं. "दिसलं ते लिहिलं." पावतीवर, अर्जावर, शेजाऱ्यांच्या भांडणात साक्ष द्यायची वेळ आली तरी तेच. मला एक स्थळ आलं होतं. त्या लोकांनी रीतीप्रमाणे शेजारी-पाजारी चौकशी केली आणि नेमके वरच्यांकडे गेले. त्यांनी सांगितलं, "मुलगी हुशार आहे. रागीट आहे. स्वयंपाक करताना पाहिलेली नाही." स्थळ मोडलं. अण्णा त्यांच्यावर खूप तापले, पण मी नाही तापले. मुलगा मला आवडला नव्हता, आणि त्या तीन वाक्यांत खोटं एकही नव्हतं. तेव्हा मला त्यांचं हे खरं बोलणं आवडायचं. आपल्या पायावर पडेपर्यंत ते सगळ्यांनाच आवडतं.

गोधडीची गोष्ट इथं सांगायला हवी. एका थंडीत त्यांना ताप आला आणि वर जाऊन पाहिलं तर अंगावर एक पातळ चादर. आईनं जुन्या साड्या काढल्या आणि गोधडी शिवली. आईचा धावदोरा बघण्यासारखा असतो, एकाला एक लागून सारखे टाके. फक्त टोकाशी आलं की ती दोन टाके मागं घेते आणि मग दोरा तोडते. वरच्यांनी गोधडी उलटीसुलटी करून पाहिली, टोकावर बोट ठेवलं.

"वहिनी, इथं दोन टाके मागं का?"

"उसवू नये म्हणून. माझी आई असंच करायची."

"मशीनला हे जमणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून आईला मिळालेलं हे एकमेव कौतुक. ती गोधडी घेऊन त्यांनी कित्येक हिवाळे काढले. तिचे तीन भाग मात्र त्यांनी केले नाहीत. आई हे गल्लीत कौतुकानं सांगायची.

मग त्यांची बदली झाली आणि काचीगुडा त्यांच्या हद्दीत आलं. ऑर्डर हातात पडली त्याच संध्याकाळी ते खाली आले. बूट काढले नाहीत, बसले नाहीत.

"अण्णा, मी खोली सोडतोय. आता तुमच्या घरात राहता येणार नाही."

अण्णा हसले. "अहो, कोण काय म्हणतंय? तुमची शहानिशा करायला कोण बसलंय इथं?"

"मी बसलोय," ते म्हणाले.

तारनाक्याला रेल्वे क्वार्टर्सच्या मागं कुठलीतरी अंधारी खोली घेतली. सामान रिक्षात चढलं, आणि शेवटी हातात गोधडी घेऊन ते आईसमोर उभे राहिले. धुतलेली आणि चक्क इस्त्री केलेली. "विक्रेत्याच्या घरची वस्तू ठेवता येत नाही, वहिनी." गोधडीला इस्त्री करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. आईनं ती घेतली, आत गेली आणि कपाटात वरच्या फळीवर टाकली.

आता खरी गोष्ट.

त्या खरिपात युरियाची टंचाई होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी फुटपाथवर चपलांची रांग लागलेली असायची, माणसं सावलीला बसलेली आणि रांगेत त्यांच्या चपला. आत अंगठ्याचं मशीन. अनुदानाचं खत त्या मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा लागल्याशिवाय विकता येत नाही, आणि ज्याचा जन्म मातीत गेला त्याच्या अंगठ्यावर रेषा कुठून उरणार? मशीन लाल दिवा दाखवायचं आणि तो माणूस अण्णांकडे बघायचा, जणू अण्णांनीच त्याच्या रेषा पुसल्या. वर रोजचा साठा दारावरच्या फळ्यावर लिहा, महिन्याचा अहवाल पाठवा, नूतनीकरणाची फी भरा. फीला एक दिवस उशीर झाला तर मोबाईलवर मेसेज येतो. खतात माती निघाली तर कोणाला कसला मेसेज येत नाही.

अशा वेळी कंपनीचा माणूस आला. अत्तर लावलेला, गुळगुळीत. "अण्णा, युरिया होना तो मिश्रखत बी उठाना पड़ता," त्यानं सांगितलं. युरियाच्या गाडीबरोबर त्यांच्या न खपणाऱ्या मिश्रखताची पोती घ्यायचीच. धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. कायद्यात हा गुन्हा आहे, पण तो कधी सापडत नाही, कारण बिलं वेगळी असतात आणि मिश्रखत दुकानदारानं हौसेनं मागवल्यासारखं दिसतं. अण्णांनी बाहेरच्या चपलांकडे पाहिलं आणि पोती उतरवून घेतली.

उतरवताना आमचा हमाल मौला याचा हूक एका पोत्यात घुसला आणि तोंडाशी पोतं फाटलं. हे नेहमीचं. खत सांडतं, झाडून गोळा करायचं, परत भरायचं. आणि आमच्या दुकानात असं पोतं शिवायचं काम आईचं. ती दुपारी डबा घेऊन यायची, दाभण घ्यायची आणि गोदामात बसून पोत्याचं तोंड शिवायची. सुतळी नाही वापरायची, मशीनच्या दोऱ्यासारखा पांढरा दोरा आणायची आणि मशीनच्या भोकांतूनच टाके घालायची, जुन्या शिलाईला शिलाई जुळवून. कोणाला फसवायला नाही. तिला वेडंवाकडं सहनच व्हायचं नाही. असं पोतं आम्ही शेतकऱ्याला कधी दिलं नाही. ते नर्सरीवाल्यांना सुटं जायचं, फाटलेलं आहे असं सांगून. हे पोतंही आईनं शिवून ठेवलेलं तसंच कडेला उभं होतं आणि वरचे आले.

मी त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी छत्री मिटली, दारावरचा फळा वाचला, आत आले आणि अण्णांना, ज्यांच्या ओट्यावर त्यांनी वर्षानुवर्षं पेपर वाचला होता त्या अण्णांना, विचारलं, "फर्मचे मालक हजर आहेत का?"

अण्णांनी आधी मागं वळून पाहिलं. "मीच की, साहेब."

"पूर्ण नाव सांगा."

अण्णांनी नाव सांगितलं. माझं डोकं भणभणायला लागलं होतं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. गोदामात जाऊन मिश्रखताच्या पोत्यांत नळी घातली, तिरकी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, नियमाला धरून. मग त्या कडेच्या पोत्यापाशी आले. खाली वाकले. शिलाईवरून बोट फिरवत टोकापर्यंत नेलं आणि तिथं थांबले. दोन टाके मागं होते. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले, मला वाटलं कंबर धरली.

"मौला, हे बाजूला ठेव," ते म्हणाले. त्यातून नमुना घेतला नाही. फाटलेल्या पोत्यातून घ्यायचाच नसतो. पण पंचनामा लिहायला बसले तेव्हा त्यात लिहिलं, एका पोत्याची शिलाई हाताची आहे. आणि त्यापुढं लिहिलं, सदर पोत्यातून नमुना काढलेला नाही.

अण्णांनी वाचलं. "साहेब, ज्यातून नमुना घेतलाच नाही ते लिहिता कशाला? असं लिहा म्हणून नियम आहे का?"

"नियम नाही. दिसलं ते लिहिलं."

"साब, एकीच बोरी है, छोड़ देव ना," मौला म्हणाला. हूक त्याचा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला राहवलं नाही. "काका, दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो बेटा," ते म्हणाले. "मला दिसलं."

मग लाख वितळवली, तीन पिशव्यांवर सील मारलं आणि एक अण्णांच्या हातात दिली. "हा तुमचा भाग. सांभाळून ठेवा."

रिपोर्ट आला, मिश्रखत अप्रमाणित. स्फुरद जेवढं पोत्यावर छापलंय त्याच्या जवळपासही नाही. आमचा परवाना निलंबित झाला, भर हंगामात. युरियाही विकायचा नाही, काहीच विकायचं नाही. तरी अण्णा निवांत होते. कंपनीचं सीलबंद, मशीननं शिवलेलं पोतं असेल आणि दुकानदारानं त्याला हात लावला नसेल तर दोष कंपनीचा, हे कायद्यातच आहे. अण्णा मला समजावून सांगायचे, "त्यांनी नियमानं केलंय ना सगळं, मग नियमच आपल्याला सोडवेल." माझ्या बापाचा त्या माणसावर एवढा विश्वास होता. हे आठवलं की अजून हातातली वस्तू आपटावीशी वाटते.

सुनावणीला कंपनीचा वकील आला. त्यानं पंचनाम्यातलं एकच वाक्य वाचलं. एका पोत्याची शिलाई हाताची आहे. म्हणजे या दुकानात पोती चोरून उघडतात, भरतात आणि परत शिवतात. मग आमच्या खतात काय मिसळलं ते आम्हाला कसं ठाऊक? दोष दुकानदाराचा.

वरचे उठून उभे राहिले. "पुढचं वाक्य वाचा. त्या पोत्यातून नमुना काढलेला नाही."

सुनावणी घेणाऱ्या, खात्याच्या मोठ्या साहेबांनी मान वर केली नाही. "पूछे उतनाच बोलो जी."

"साहेब, पुढचं वाक्य—"

"बैठो."

ते बसले नाहीत. सुनावणी संपेपर्यंत उभे होते, हातात छत्री, बुटांना पॉलिश. पण उभं राहून काय होतं? तुम्ही दोन वाक्यं लिहिलीत, चोरानं एक उचललं आणि एक टाकून दिलं. कुठलं वाक्य कोणाच्या कामाला येईल एवढं तुम्हाला या नोकरीत कळलं नाही? की कळत होतं आणि तरी लिहिलं? मी त्यांना हे विचारलं नाही. बाहेर आल्यावर अण्णांचा हात धरायचा होता, त्यांना जिना दिसत नव्हता.

अण्णांनी अर्ज केला की राखून ठेवलेला तिसरा भाग दुसऱ्या लॅबला पाठवा. उत्तर आलं, गरज नाही, मालाशी दुकानात छेडछाड झालेली आहे. आमचा भाग आमच्या कपाटात सीलसकट पडून होता, तो तर कोणी बघायलाही मागितला नाही. कंपनी सुटली. पुढच्या हंगामात तिनं पोत्याचा रंग बदलला, हिरव्याचं निळं केलं, आणि तेच खत नव्या नावानं शेजारच्या दुकानात लागलं. आमचा परवाना मिळाला परत, हंगाम संपल्यावर, नूतनीकरणाची फी वेळेत भरून घेऊन. तोवर आमच्या वाटचा युरिया दुसऱ्यांना लागला होता आणि पॅसेंजरनं येणारी माणसं दुसरीकडे जायला लागली होती. आता मी त्या दुकानात कुंड्या विकते. कुंड्या, नारळाचा भुसा, गच्चीवरच्या बागेसाठी छोट्या पिशव्यांतलं गांडूळखत. अण्णा गल्ल्यावर बसायला येत नाहीत. आणि आईनं दाभणाला परत हात लावला नाही. तिनं एकदा विचारलं, "मी वाकडे टाके घातले असते तर?" मी तिच्यावर ओरडले, कारण उत्तर मला माहीत होतं. सुतळीनं वेडंवाकडं शिवलं असतं तर वकिलालाही सांगता आलं नसतं की हे लोक चोरून शिवतात. तिच्या शिलाईचा गुन्हा एवढाच की ती चांगली होती.

केस चालू असताना मी एकदा तारनाक्याच्या बसस्टॉपवर उभी होते आणि ते समोरून आले. मला पाहिलं, थबकले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. ज्या दुकानाची केस चालू आहे त्या घरच्या मुलीशी बोलायचं नाही, असा त्यांचा कुठलातरी नियम असणार. पलीकडे जाऊन ते ताठ उभे राहिले, माझी बस येईपर्यंत. बसमध्ये बसल्यावर मी दातओठ खात होते. पळून गेले असते तर निदान भित्रे म्हणता आलं असतं.

पुढचं मौलानं सांगितलं. आमचं काम सुटल्यावर त्याला शहराबाहेर एका गोदामात हमाली मिळाली, नेमक्या त्याच कंपनीच्या. एक दिवस वरचे तिथं आले. सुनावणीनंतर त्यांची हद्द परत बदलली होती, आणि ते गोदाम त्यात येत होतं. बाहेर गाडी भरून निघायला तयार, आणि पाऊस भुरभुरत होता. पावसात नमुना घेतला तर तो ग्राह्य धरत नाहीत, खताला पाणी लागतं. गोदामाचं दार लोकांनी लावून घेतलेलं, आडोसा कुठंच नाही. थांबावं तर गाडी जाते. त्यांनी छत्री उघडली, मौलाला दिली आणि सांगितलं, "पोत्यावर धर. माझ्यावर नको." स्वतः चिंब भिजत त्यांनी मशीनची शिलाई तपासली, नळी घातली आणि नमुना काढला. "एक थेंब नै गिरने दिया मैं, दीदी, कसम से," मौला म्हणाला.

ते खतही अप्रमाणित निघालं. या वेळी शिलाई मशीनची, सील कंपनीचं, दुकानदार मधे कोणी नाही. आणि तरी केस पडली. कारण पंचनाम्यात वरच्यांनी आपल्या हातानं लिहिलं होतं, नमुना काढताना पाऊस पडत होता. पुढं असणारच, की पोत्यावर छत्री धरली होती. पण पुढचं वाक्य कोण वाचतं?

मी मौलाला विचारलं, "पाऊस होता हे लिहायला कोणी सांगितलं होतं त्यांना?"

"मैं बी वहीच पूछा. साब बोले, गिर रहा था ना."

मी त्या दिवशी दुकानात एकटीच होते. हातातली कुंडी मी खरोखर आपटली. ज्या खात्यात बाकी सगळ्यांना काय दिसू द्यायचं नाही हे पक्कं ठाऊक आहे, तिथं या एका माणसाला दिसतं, आणि तो जे लिहितो त्यावर चोर सुटतात. दोन्ही वेळा खरं लिहिलं, दोन्ही वेळा खऱ्याचाच गळा आवळला गेला. मला कंपनीचा राग आहेच, मोठ्या साहेबांचा आहे. पण त्यांनी माझ्या आईच्या हातचं खाल्लेलं नव्हतं.

परवा वरचे आले. दुपारची वेळ, रविवार, आम्ही तिघंही घरी. दारात छत्री दिसली आणि अण्णा उठून आत गेले. वरचे आणखी वाकले आहेत. बूट होते, पॉलिश नव्हतं. पायरीवरच उभे राहिले.

"वहिनी, मी रिटायर झालो. आता कोणाचाच निरीक्षक नाही." मग छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ती गोधडी असेल तर... थंडीत त्रास होतो."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी पुढं झाले, दार लावणारच होते. आईनं मला हातानं बाजूला केलं आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती गोधडी घेऊन बाहेर आली, एवढी वर्षं इस्त्रीची घडी तशीच. ओसरीवर सतरंजी टाकली, गोधडी पसरली आणि कातर घेतली.

"आई, काय करतेस?"

तिनं ऐकलं नाही. गोधडी लांबीनं कापली, एकदा आणि मग परत एकदा. जुन्या साड्यांचे थर, कातर सहज जात नव्हती, ती दोन्ही हातांनी दाबत होती. वरचे पायरीवर बसून पाहत होते. मग आईनं सुई ओवली आणि तिन्ही तुकड्यांच्या उसवलेल्या कडा शिवायला बसली. तिला घाई नव्हती. ऊन पायरीवरून सरकलं, मी चहा केला नाही, कोणी मागितला नाही. प्रत्येक टोकाशी ती थांबायची आणि दोन टाके मागं घ्यायची.

झाल्यावर तिनं एक तुकडा घडी करून त्यांच्यापुढं धरला.

"हा तुमचा भाग. एक आमचा. एक पुराव्याला राहील." आणि मग, माझ्या आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, "शिलाई हाताची आहे, भावजी. लिहून घ्या."

त्यांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशाला पेन नव्हतं. ते उठले, तुकडा छातीशी धरला, कडक उन्हात छत्री उघडली आणि ती तुकड्यावर धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तेवढ्या तुकड्यात त्यांचे पायसुद्धा झाकणार नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणत नाही, पण राग गेला असंही म्हणणार नाही.

आमचा तुकडा अण्णा पायांवर घेऊन बसतात. पुराव्याचा तुकडा आईनं कपाटात ठेवलाय, लाखेच्या सीलच्या त्या पिशवीशेजारी. ती पिशवीही अजून कोणी मागायला आलेलं नाही.